रक्त न सांडलेल्या जखमेचं पदक

८ जानेवारी २०२० च्या पहाटे इराणनं इराकमधल्या ऐन अल-असद या हवाई तळावर क्षेपणास्त्रं डागली. तिथं अमेरिकी फौज होती. हल्ल्याची कुणकुण आधी लागल्यामुळे बरेच जण बंकरमध्ये गेले होते, काहींना तळाबाहेर हलवलं होतं. कुणी दगावलं नाही. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीर केलं की आपल्या एकाही माणसाला इजा झालेली नाही. पुढच्या दिवसांत मात्र सैनिक एकेक करून डॉक्टरांकडे जाऊ लागले. कुणाचं डोकं ठणकत होतं, कुणाला गरगरत होतं. स्फोटाच्या हादऱ्यानं मेंदूला मार बसला होता. पंधरवड्यानं पत्रकारांनी विचारलं तेव्हा ट्रम्प म्हणाले, डोकेदुखीचं कानावर आलंय, पण ते काही फार गंभीर नाही. महिन्याभरात अशा सैनिकांचा आकडा शंभरावर गेला. मे महिन्यात त्यांतल्या २९ जणांना पर्पल हार्ट मंजूर झालं. आणखी ३९ जणांना ते मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडला.

पर्पल हार्ट म्हणजे अमेरिकेत शत्रूच्या हातून जखमी किंवा ठार झालेल्या सैनिकाला दिलं जाणारं पदक. जगभरात जखमी सैनिकांसाठी काढलेल्या बिल्ल्यांमध्ये हे सगळ्यांत जास्त ओळखलं जातं. आजवर सुमारे १८ लाख पर्पल हार्ट दिली गेल्याचा अंदाज आहे. एवढा मोठा अनुभव गाठीशी असलेल्या देशालाही एक साधा प्रश्न अजून सुटलेला नाही: जखमी कुणाला म्हणायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. जखमेचं पदक ही शाबासकी नव्हे, ती नोंद आहे. शौर्यपदक देताना वरिष्ठ शिफारस करतो, साक्षी तपासल्या जातात, कमी-जास्त तोललं जातं. जखमेच्या पदकाला हे काही लागत नाही. अमेरिकी नियमांतही ते हक्कानं मिळणारं पदक आहे. शत्रूनं इजा केली आणि लष्करी वैद्यकीय कागदात ती नोंदली गेली की सैनिक त्याचा धनी झाला. तो त्या क्षणी गोळीबार करत होता की भाकरी खात होता, हे कुणी विचारत नाही. नोंदच करायची तर ती पुरी करायला हवी. शत्रूच्या कारवाईनं मन मोडलेल्या सैनिकालाही हे पदक मिळायला हवं, अमेरिकेत आणि आपल्याकडेही.

या पदकाचा जन्म जखमेतून झालेला नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. १७८२ साल. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपत आलं होतं. न्यू यॉर्क प्रांतात हडसन नदीकाठी न्यूबर्ग इथं जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मुक्काम होता. सैन्याचा पगार थकलेला, काँग्रेसची तिजोरी रिकामी, आणि गुणी शिपायाला बढती देऊन अधिकारी करायची मुभाही काँग्रेसनं काढून घेतलेली. तेव्हा ७ ऑगस्टला वॉशिंग्टननी हुकूम काढला: असामान्य कामगिरी करणाऱ्यानं डाव्या छातीवर जांभळ्या कापडाचं किंवा रेशमाचं हृदय लावावं, त्याला कडेनं बारीक झालर किंवा गोट असावा. ज्याच्या छातीवर हे हृदय असेल त्याला पहारेकऱ्यांनी अधिकाऱ्यासारखं जाऊ द्यावं. त्याचं नाव एका गुणवंतांच्या वहीत लिहावं. हक्क नसताना कुणी ते लावलं तर कडक शिक्षा व्हावी. पुढचं वाक्य त्या काळच्या मानानं फार धीट होतं: देशभक्तांच्या सैन्यात आणि स्वतंत्र देशात कीर्तीची वाट अशा रीतीनं सर्वांना खुली आहे.

त्या काळच्या युरोपात मानचिन्हं मुख्यतः सरदारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या छातीवर शोभत. इथं ते साध्या शिपायासाठी आणि हवालदारासाठी काढलं होतं. १७८३ मध्ये ते मिळाल्याची पक्की नोंद तिघांचीच आहे, आणि तिघेही सार्जंट होते: एलिजा चर्चिल, विल्यम ब्राउन आणि डॅनियल बिसेल. बिसेल यांची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. पळपुटा शिपाई असल्याचं सोंग घेऊन ते ब्रिटिशांच्या न्यू यॉर्कमध्ये शिरले, फितूर झालेल्या बेनेडिक्ट अर्नोल्डच्या पलटणीत वर्षाहून अधिक काळ राहिले आणि डोक्यात नकाशे साठवून परतले. त्यांना कापडी हृदय मिळालं ते या हेरगिरीसाठी. त्यात जखमेचा काही संबंध नव्हता. ती गुणवंतांची वही पुढं कुठं गडप झाली ते कळलेलं नाही, आणि हा सन्मानही दीडशे वर्षं अडगळीत पडला.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्य जखमेची खूण म्हणून उजव्या बाहीच्या टोकाशी सोनेरी फीत लावत असे. पदक नव्हतं. १९३२ मध्ये वॉशिंग्टन यांच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती. लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी तो मुहूर्त साधून २२ फेब्रुवारीला जुनं हृदय पुन्हा जिवंत केलं. लष्कराच्या मानचिन्हं आखणाऱ्या कचेरीतल्या एलिझाबेथ विल यांनी आराखडा काढला, आणि फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतले शिल्पकार जॉन सिनॉक यांचा मातीकामाचा नमुना निवडला गेला.

हे पदक जवळून पाहण्यासारखं आहे. सोनेरी कडेचं हृदय, आत गडद जांभळी भूमी, तिच्यावर एका बाजूनं दिसणारा वॉशिंग्टनचा चेहरा. वरच्या अंगाला वॉशिंग्टन घराण्याची ढाल: पांढऱ्यावर दोन तांबडे आडवे पट्टे आणि त्यांच्या माथ्यावर तीन तांबडे तारे. ढालीच्या दोन्ही बाजूंना हिरवी पानं. फीत जांभळी, कडा पांढऱ्या. तलवार नाही, बंदूक नाही, गरुड नाही, विजयाची देवता नाही. उलट बाजूला लष्करी गुणवत्तेसाठी असे शब्द आणि खाली सैनिकाचं नाव कोरायला जागा. पदक जखमींसाठी राखून ठेवल्याला आठ दशकं झाली तरी मागची अक्षरं गुणवत्तेचीच राहिली आहेत. मला ते खटकत नाही. या पदकाची व्याख्या पहिल्या दिवसापासून सरकत आली आहे याचा तो पदकावरच कोरलेला पुरावा आहे.

आणि व्याख्या किती सरकली पाहा. १९३२ मध्ये हे पदक गुणवत्तेचंही होतं आणि जखमेचंही. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या फौजींनी अर्ज करून सोनेरी फितीच्या बदल्यात ते घेतलं, म्हणजे जखमेनंतर चौदा-पंधरा वर्षांनी. ते फक्त भूदलासाठी होतं, आणि हयात माणसासाठीच. १९४२ मध्ये ते ठार झालेल्यांच्या घरच्यांना मिळू लागलं, गुणवत्तेचा भाग काढून वेगळ्या पदकाकडे गेला, आणि डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ते नौदल, मरीन आणि तटरक्षक दलालाही लागू केलं. १९५२ मध्ये ट्रूमन यांनी त्यांच्यासाठी ते एप्रिल १९१७ पर्यंत मागं नेलं. १९६२ मध्ये केनेडी यांनी सैन्यासोबत काम करणाऱ्या नागरिकांनाही ते खुलं केलं, तर १९९८ पासून ते पुन्हा गणवेशधाऱ्यांपुरतंच उरलं. १९८४ मध्ये दहशतवादी हल्ल्यात आणि शांतिसेनेत जखमी झालेले आत आले. १९९३ मध्ये आपल्याच तोफेचा गोळा चुकून लागलेले आले. २००९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड छावणीत एका लष्करी डॉक्टरनंच गोळीबार करून १३ जणांना मारलं. ती कामाच्या जागेवरची हिंसा की शत्रूचा हल्ला, यावर पाच वर्षं वाद चालला, शेवटी काँग्रेसनं कायदा बदलला आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या जखमींना पदकं मिळाली.

मनाच्या जखमेचा विषय निघाला की परंपरा मोडेल असं म्हणणाऱ्यांनी ही यादी डोळ्यांसमोर ठेवावी. प्रत्येक पिढीला कुणीतरी बाहेर राहिलेला दिसला आणि त्याला आत घेतलं गेलं. हीच या पदकाची परंपरा आहे.

मन जखमी होतं हा आजकालचा शोध आहे, असाही एक समज आहे. तो साफ चूक आहे. हाच प्रश्न ब्रिटिश सैन्यापुढे १९१६ मध्ये आला होता आणि त्यांनी तो ज्या रीतीनं सोडवायचा प्रयत्न केला, तो आज वाचतानाही अंगावर येतो. त्या वर्षीच्या जुलैत ब्रिटिशांनी जखमेची पट्टी सुरू केली: डाव्या बाहीवर मनगटाच्या वर उभी शिवलेली सोनेरी गोटाची दोन इंचांची पट्टी. जितक्या वेळा जखमी, तितक्या पट्ट्या. त्याच सुमारास फ्रान्सच्या खंदकांतून असे हजारो शिपाई मागं येत होते ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. ते थरथरत होते, मुके झाले होते, काहींना दिसेनासं झालं होतं. त्यांना शेल शॉक हे नाव पडलं होतं. यांना पट्टी द्यायची का?

सैन्यानं तोडगा काढला. शिपाई जवळ फुटलेल्या गोळ्यानंतर असा झाला असेल तर त्याच्या कागदावर शेल शॉकपुढं डब्ल्यू हे अक्षर पडे, म्हणजे जखमी. त्याला पट्टीचा हक्क. गोळा जवळ फुटल्याचा दाखला नसेल तर एस, म्हणजे आजारी. त्याला पट्टी नाही. दोघांची लक्षणं एकच असली तरी फरक पडत नसे. पुढं तर पलटणीच्या अधिकाऱ्याकडून फॉर्म भरून आल्याशिवाय डॉक्टरनं शेरा मारायचा नाही असा नियम झाला. फॉर्म भरून येईपर्यंत शिपायाच्या नावापुढं लिहिलं जाई: मज्जासंस्थेचा त्रास, निदान बाकी. ज्या अधिकाऱ्यानं तो गोळा पाहिला, तोच मेला असेल तर? महिनोन् महिने खंदकात सोबत्यांची प्रेतं तुडवत राहिलेल्या आणि एका शांत दुपारी अचानक कोसळलेल्या शिपायाचं काय? त्याच्या वाट्याला एसच.

तरीही या गोष्टीत धरून ठेवण्यासारखं काही आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या, आजच्या मानानं कठोर असलेल्या त्या सैन्यानंसुद्धा मनाची जखम जखम असू शकते हे कबूल केलं होतं. शत्रूच्या कृतीशी तिचा धागा जुळला तर ती पट्टीला पात्र होती. धागा कसा शोधायचा यात ते चुकले, आणि त्या चुकीची किंमत शिपायांनी भरली.

त्याच १९१६ च्या सप्टेंबरात ब्रिटिशांनी आणखी एक बिल्ला काढला. घरी पाठवलेले जखमी आणि आजारी सैनिक साध्या कपड्यांत रस्त्यानं जाताना दिसले की भ्याड म्हणून त्यांच्या हातात पांढरं पीस ठेवणाऱ्या बायका तेव्हा इंग्लंडात ठिकठिकाणी असत. हात थोटा झालेल्याला बाही दाखवता येई. फुप्फुसात गॅस गेलेला, रात्री किंचाळून उठणारा माणूस काय दाखवणार? त्याच्यासाठी हा चांदीचा गोल बिल्ला. तो कोटाच्या उजव्या बाजूला लावायचा. मधे राजाची मुद्रा, भोवती राजा आणि साम्राज्यासाठी केलेल्या सेवेचे शब्द, मागं नंबर. दहा लाखांहून जास्त बिल्ले वाटले गेले. यात जखमी आणि आजारी असा भेद नव्हता. युद्धानं शरीर किंवा मन निकामी झाल्यामुळे तू घरी आलास, एवढंच तो बिल्ला लोकांना सांगायचा. जखमी सैनिकांच्या सगळ्या चिन्हांत मला हा साधा बिल्ला सर्वांत माणुसकीचा वाटतो.

याच्या उलट टोकाला जर्मनीचा बिल्ला. मार्च १९१८ मध्ये कैसर विल्हेल्म दुसरा यानं तो सुरू केला. लंबगोलाकार, मधे शिरस्त्राण, मागं एकमेकींवर आडव्या दोन तलवारी, भोवती पानांची माळ. एक-दोन जखमांना काळा, तीन-चारांना चांदीचा, पाच आणि त्याहून जास्तीला सोनेरी. अवयव गेला किंवा दृष्टी गेली तर वरची पायरी थेट. पुढं नाझींनी त्याच शिरस्त्राणावर स्वस्तिक चढवलं. जखमांची उतरंड लावणं मला मुळातच अमान्य आहे. काळ्यापेक्षा सोनेरी मोठा असं एकदा छातीवर लिहिलं गेलं की नोंदीची बढती होते आणि माणसं जखमा तोलायला लागतात. हा तोल किती विषारी होतो ते २००४ मध्ये अमेरिकेत दिसलं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांना व्हिएतनाममध्ये तीन पर्पल हार्ट मिळाली होती. त्यांच्या जखमा किरकोळ होत्या हे सांगायला विरोधी पक्षाच्या अधिवेशनातले काही प्रतिनिधी गालावर, हनुवटीवर जांभळं हृदय काढलेल्या चिकटपट्ट्या लावून बसले. पर्पल हार्टच्या नियमात जखम किती खोल, अशी अट नाही. त्या लोकांनी एका माणसाची टवाळी करताना पदक मिळालेल्या प्रत्येकाच्या जखमेवर फूटपट्टी ठेवली.

आता २००९ कडे येऊ. इराक-अफगाणिस्तानहून परतणाऱ्या सैनिकांत युद्धाघातानंतरचा मानसिक विकार, म्हणजे पीटीएसडी, मोठ्या प्रमाणावर दिसत होता. त्यांना पर्पल हार्ट द्यावं का, असा प्रश्न २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना विचारला गेला आणि त्यांनी विचार करू म्हटलं. पुढच्या जानेवारीत पेंटागॉननं नकार दिला. कारणं साधारण अशी: हा विकार शत्रूनं बाहेरून जाणूनबुजून केलेली जखम नव्हे, तो भयंकर प्रसंग अनुभवल्याचा नंतरचा परिणाम आहे; आणि त्याचं निदान वस्तुनिष्ठपणे करता येत नाही. पर्पल हार्ट मिळालेल्या सैनिकांच्या संघटनेनंही विरोध केला. हे पदक रक्त सांडलेल्यांचं आहे, अशी त्यांची भावना होती.

या शेवटच्या विरोधाला मी हलकं मानत नाही. ज्याचा पाय गेला त्याला आपल्या पदकाबद्दल ममत्व वाटणारच, आणि त्याच्याशी वाद घालताना आवाज खाली ठेवावा. पण रक्ताची कसोटी पेंटागॉननं स्वतःच दोन वर्षांत सोडली. २०११ मध्ये लष्करानं स्पष्ट केलं की स्फोटाच्या हादऱ्यानं मेंदूला बसलेला सौम्य मारही, बेशुद्धी आली नसली तरी, योग्य वैद्यकीय नोंद असेल तर पदकाला पात्र आहे. या सैनिकाचं रक्त सांडत नाही. त्याची कवटी फुटत नाही. साध्या स्कॅनमध्ये बहुधा काही दिसतही नाही. डॉक्टर त्याला प्रश्न विचारतो, स्मरण तपासतो, तोल तपासतो आणि ठरवतो. मग त्याच स्फोटात शेजारी बसलेला, सोबत्याचे तुकडे गोळा करून पिशवीत भरणारा आणि त्यानंतर झोप हरवलेला जवान कोणत्या न्यायानं बाहेर राहतो? दोघांच्याही दुखण्याचं मूळ एकाच शत्रूनं पेरलेला एकच सुरुंग आहे.

निदान अवघड आहे, हे खरं. पण ते अशक्य नाही. कॅनडानं २००८ मध्ये सॅक्रिफाइस मेडल सुरू केलं तेव्हाच ही दारं उघडी ठेवली. शत्रूच्या कारवाईशी थेट जोडता येणारा मानसिक विकार तज्ज्ञानं तपासून नक्की केला तर ते पदक मिळतं. त्याच्या मागच्या बाजूला फ्रान्समधल्या विमी इथल्या स्मारकावरची शोकमग्न स्त्री आहे, आपल्या मेलेल्या मुलांसाठी खाली मान घालून उभा असलेला कॅनडा. फ्रान्सनं २०१६ मध्ये काढलेलं युद्धजखमींचं पदकही शरीराच्या आणि मनाच्या जखमा एकाच ओळीत धरतं. या दोन्ही देशांत पदकाची किंमत उतरली असं कुणी दाखवून दिलेलं नाही.

लबाडी होईल, ही भीती उरते. थोडी होईल. शरीराच्या जखमांतही झालेली आहे. युद्धातून सुटका व्हावी म्हणून स्वतःच्या पायावर गोळी झाडून घेणारे सगळ्याच सैन्यांत होते. म्हणून कुणी गोळी लागलेल्यांची पदकं बंद केली नाहीत. तपासणी कडक केली. इथंही तेच करावं: प्रसंग नेमका असावा, तो युद्धाच्या नोंदवहीत सापडावा, निदान एका डॉक्टरचं नसून मंडळाचं असावं.

एका ठिकाणी मात्र मला स्वतःलाच अवघड जातं. अमेरिकेच्या नियमांत हिमदंशाला पर्पल हार्ट नाही. पूर्वी होतं: डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९५१ या काळात इस्पितळात ठेवावं लागलेल्या गंभीर हिमदंशाला ते मिळू शकत होतं. मग थंडी शत्रू नव्हे म्हणून ते बंद झालं. आपल्याला हा प्रश्न सियाचिनमुळे जवळचा आहे. १९८४ पासून तिथं गोळीपेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवेनं जास्त जवान गेले, आणि बोटं गमावून परतलेले किती तरी. मी शत्रूच्या हाताची अट धरतो, तर हे जवान बाहेर पडतात. त्यांना आत घ्यावं तर अट इतकी सैल होते की पदक सगळ्या सेवेचं होऊन बसतं. समोर शत्रू नसता तर त्या उंचीवर आपला एकही माणूस उभा राहिला नसता, हेही तितकंच खरं. मी सध्या या बाजूचा आहे की हिमदंशाची नोंद वेगळी आणि ठळक व्हावी, पण जखमेच्या पदकात ती मिसळू नये. उद्या कुणी याहून चांगला युक्तिवाद केला तर मी ऐकेन.

आपल्याकडे शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्या जवानाला पराक्रम पदक मिळतं, मग ती कारवाई सीमेवरची असो की दहशतवाद्यांविरुद्धची. पूर्वी ते वूंड मेडल म्हणून ओळखलं जाई. साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात, कोकणात फौजी परंपरेची गावंच्या गावं आहेत. पण परमवीर चक्र, महावीर चक्र तोंडपाठ असलेल्या पोरांना या पदकाचं नाव विचारा, बहुतेकांना सांगता येणार नाही. आपण हुतात्म्याचा मान राखतो. गावाच्या वेशीवर कमान उभी राहते, चौकाला नाव दिलं जातं, वीरमाता आणि वीरपत्नीचा सत्कार होतो, आणि हे व्हायलाच हवं. जो जिवंत परतला, एका पायानं परतला, किंवा दोन्ही पायांनी परतला पण पूर्वीचा राहिला नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे जागा नाही. त्याच्याबद्दल गाव दबक्या आवाजात म्हणतं, फौजेतनं आल्यापासनं डोक्यावर परिणाम झालाय. दारूला लागलाय. कुणाशी बोलत नाही.

हे विसरणं जुनं आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. आपल्याकडच्या फौजी गावांत त्या अजून दिसतात. मजकूर ठरलेला: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोनच आकडे. मेसोपोटेमियातून, फ्रान्समधून लंगडत, आंधळे होऊन किंवा वेडे होऊन परतलेल्यांचा तिसरा आकडा पाटीवर नाही. तो मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि स्वातंत्र्यानंतर आपणही गावाला तोच हिशेब शिकवला.

खरं तर जखमी जवानांसाठी पुण्याएवढं काम देशात फार थोड्या शहरांनी केलं असेल. अपंग सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढं खडकीला आली. कृत्रिम अवयवांचं लष्करी केंद्र १९४४ चं. कंबरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र खडकीतच १९७४ पासून आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पुढं १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. जागतिक सुवर्ण जिंकलेल्या जखमी जवानाकडे वळून पाहायला आपल्याला ४६ वर्षं लागली, तर ज्यानं काहीच जिंकलं नाही, जो फक्त कसाबसा जगत राहिला, त्याच्याकडे आपण केव्हा पाहणार?

म्हणून मागणी दोन गोष्टींची. पराक्रम पदकाच्या निकषात स्फोटानं मेंदूला बसलेला मार आणि शत्रूच्या नेमक्या कारवाईशी जोडता येणारा मानसिक विकार, हे दोन्ही शब्दांत लिहावेत. डॉक्टरांच्या किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नयेत. पुरावा कसा मानायचा याची दिशाही आपल्या न्यायालयानं दाखवलेली आहे. २०१३ मध्ये एका जवानाच्या अपंगत्वाच्या पेन्शनबद्दल निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं धरून चालावं, आणि तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. पदकासाठी याच्यावर युद्धप्रसंगाची अट चढवा, ती कडकही करा, पण संशयाचं ओझं आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवू नका.

दुसरी मागणी मुदतीची. मनाची जखम बऱ्याचदा उशिरा वर येते. नोकरी संपल्यावर, मुलं मोठी झाल्यावर, घर शांत झाल्यावर. तेव्हा अर्जाला कालमर्यादा नसावी आणि जुन्या युद्धांनाही हा नियम लागू व्हावा. यात नवं काही नाही, अमेरिकेनं १९५२ मध्ये ३५ वर्षं मागं जाऊन पदकं दिली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांच्या नोंदी आहेत, तिथूनच सुरुवात करता येईल. कारगिलला लढलेले आता पन्नाशीत-साठीत आहेत. श्रीलंकेत गेलेले त्यांच्याही पुढं. १९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, आणि त्याचा अर्ज घ्यायचा की नाही हे येत्या दोन-चार वर्षांतच ठरवावं लागेल.